हद्दीपलीकडची तेरा मिनिटं

३ मार्च, मंगळवार

साहेबांनी आज एक काम गळ्यात मारलं! चार पानी टिपण हवंय — "दोन्ही देशांनी आपापली हवाई हद्द एकमेकांना खुली केल्यास होणारे फायदे व तोटे." वर पाठवायचं आहे. वर म्हणजे कुठे, ते त्यांनाही ठाऊक नसावं. विचारलं तर नुसतं छताकडे बोट केलं. छतावर पाण्याची टाकी आहे.

"मीच का?"

"तुम्ही एकोणीस वर्षं त्या लाइनवर आहात. शिवाय तुम्ही कधी मत देत नाही."

हे कौतुक होतं की टोमणा, घरी येईपर्यंत ठरलं नाही. पंधरा दिवसांची मुदत.

५ मार्च, गुरुवार

टिपणाची सुरुवात जमेना. तीनदा लिहिली, तिन्ही वेळा सरकारी परिपत्रक झालं. आधी इथे साध्या शब्दांत लिहून बघते.

आपलं आकाश कुठेतरी संपतं आणि त्यांचं सुरू होतं. स्क्रीनवर ती एक तुटक पिवळी रेघ आहे. एकोणीस वर्षांपूर्वी दोघांच्या युद्धनौकांची चकमक झाली आणि आकाश बंद झालं. तेव्हापासून आपली विमानं त्यांच्यावरून जात नाहीत, त्यांची आपल्यावरून जात नाहीत. दोघंही समुद्रावरून मोठा वळसा घालतात. तिसऱ्या कुठल्या देशाचं विमान असेल तर ते मात्र सरळ जातं. ते रेघेजवळ आलं की मी टेबलावरचा फोन उचलते. पलीकडे त्यांच्या कंट्रोल रूममध्ये कुणीतरी उचलतं. मी सांगते — विमानाचा क्रमांक, उंची, वेळ. तो म्हणतो, "घेतलं." संपलं. या तीन गोष्टींपलीकडे एक शब्द बोलायचा नाही. सगळं टेप होतं.

पेपरवाले दोघांनाही महासत्ता म्हणतात. आमच्या महासत्तेच्या कंट्रोल रूममध्ये बायकांच्या बाथरूमचा नळ महिनाभर गळतोय.

दिवसपाळीला पलीकडे बहुतेक एकच माणूस असतो. त्याचं नाव मला माहीत नाही. बोलण्याआधी खोकतो — एकदाच, गाडी सुरू करावी तसा. मी मनात त्याला खोकला म्हणते. आज खोकल्याला सव्वीस विमानं दिली.

८ मार्च, रविवार

आकडे जुळवले. आपली रोज चौसष्ट विमानं वळसा घालतात, त्यांची सत्तावन्न. प्रत्येकाची सरासरी दोन तास वीस मिनिटं जास्त. गुणाकार केला आणि पुन्हा करून पाहिला. दोनशे ब्याऐंशी तास आणि वीस मिनिटं. म्हणजे दर दिवसाला पावणेबारा दिवस हवेत वाया! एकोणीस वर्षं!

अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे सासरे, वय चौऱ्याऐंशी. हे गेल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, घरात आम्ही दोघंच. ते सकाळी पेपर वाचतात आणि संध्याकाळी मला तो समजावून सांगतात, जणू मी परदेशातून आलेय.

मला वाटलं, भडकतील. त्यांचा सख्खा भाऊ पलीकडच्यांशी झालेल्या जुन्या युद्धात गेला, त्यांच्याच गोळीनं. त्याचा फोटो अजून त्यांच्या पलंगाशी आहे. पण त्यांनी कागद हातात घेऊन आकडा पुन्हा वाचला.

"राग आहे मला त्यांचा. अजून आहे," म्हणाले. "पण राग माझा आहे ना! त्यासाठी विमानांनी वळसा कशाला घालायचा?"

मग थोड्या वेळानं — "तो पलीकडचा, दम्यानं खोकतो की सिगरेटनं?"

"मला काय माहीत!"

"एकोणीस वर्षं ऐकतेस आणि एवढं कळत नाही?"

९ मार्च, सोमवार

धाकट्या बहिणीचा फोन. टिपणाबद्दल मी चुकून बोलून गेले. चूकच!

तिचा नवरा वळशाच्या वाटेवरच्या विमानतळावर काम करतो. विमानं तिथे तेल भरायला उतरतात. तिथे दुसरं काही नाहीच — खडक, वारा आणि तेलाच्या टाक्या. सहाशे माणसं त्यावर जगतात. मागून भावजींनीच फोन हिसकावून घेतला.

"ताई, दोघांची दोस्ती होऊ दे, मजा आहे त्यांची. पण आमच्या पोटावर पाय येईल, त्याचं काय? ते तुमच्या कागदात बसतं का कुठे?"

मी म्हटलं, बसवते. तोटे या सदराखाली लिहिलं — "वळशाच्या मार्गावरील विमानतळ, अंदाजे सहाशे नोकऱ्या." माझ्या टिपणात तोटे म्हणून लिहिलेलं हे पहिलं वाक्य. तोपर्यंत ते सदर रिकामंच होतं.

११ मार्च, बुधवार

साहेबांनी सहाशे खोडले. "हे आपल्या कक्षेत येत नाही." लाल पेननं, पट्टी लावून. सरळ रेघेची त्यांना फार हौस.

१२ मार्च, गुरुवार

आज जे झालं ते क्रमानं लिहिते. उद्या-परवा कुणीतरी विचारणारच आहे.

अकरा वाजून चार. आपलं विमान, समुद्रावर, वळशाच्या वाटेवर. पायलट बाई — तरुण आवाज, अगदी स्थिर. मागच्या भागात धूर. कुठून येतोय ते कळत नाही. आत एकशे त्रेसष्ट माणसं.

आपली जवळची धावपट्टी अठ्ठेचाळीस मिनिटांवर. त्यांची तेरा मिनिटांवर, रेघेच्या पलीकडे. हे बघायला मला स्क्रीनकडे पाहावंही लागलं नाही. टिपणासाठी आठवडाभर तेच नकाशे उपसत होते. धुरात अठ्ठेचाळीस मिनिटं कुणी जगत नाही, हे आम्हाला शिकाऊ असताना पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं.

अकरा वाजून पाच. साहेबांनी लष्करी कक्षाला फोन लावला. तो कक्ष आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. तिकडून — "थांबा, वर विचारतो." साहेब फोन कानाला लावून उभे. माझ्याकडे बघून हातानं खूण करत होते, थांबा, थांबा.

पायलट म्हणाली, "धूर वाढतोय." आवाज तसाच स्थिर. मागे कुणीतरी लहान मूल रडत होतं, की ते मला वाटलं?

अकरा वाजून सात. मी फोन उचलला.

तिकडून खोकला. मग, "बोला."

"आमचं विमान. धूर. एकशे त्रेसष्ट माणसं. तुमची धावपट्टी तेरा मिनिटांवर."

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं, लाइन गेली.

"येऊ द्या. डावीकडे वळवा. वीस हजार फुटांवर आणा."

"परवानगी आहे?" मी विचारलं.

"येऊ द्या," तो पुन्हा म्हणाला.

मी पायलटला सांगितलं, डावीकडे वळा. तिनं एकदाच विचारलं, "डावीकडे? नक्की?" मी म्हटलं, नक्की. पिवळी रेघ ओलांडणारा आपला ठिपका मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. साहेबांच्या हातातला फोन तसाच.

अकरा एकवीस. तिकडून — "उतरलं. सगळे बाहेर."

मी म्हटलं, "घेतलं." तोंडाला सवय. तो त्याचा शब्द, माझा नाही.

अकरा तेहतीस. लष्करी कक्षाची परवानगी आली. विमान उतरून बारा मिनिटं झाली होती.

नोंदवहीत सगळ्या वेळा लिहिल्या. शाईनं. नोकरीच्या सव्वीस वर्षांत एक वेळ चुकीची लिहिलेली नाही. उरलेली पाळी पूर्ण केली. घरी आले तर चपलांचे बंद सुटेनात. अण्णांनी खाली बसून बंद सोडवले. त्यांना खाली बसायला बंदी आहे, गुडघ्यांमुळे.

१३ मार्च, शुक्रवार

पेपरात पहिल्या पानावर विमान. धावपट्टीवर, शेपटीकडे काळवंडलेलं. माणसं परत आली. धुराचं कारण म्हणे सामानातली बॅटरी.

माझं नाव नाही, बरंच झालं. "दोन्ही बाजूंच्या सतर्क यंत्रणांनी" एवढंच.

आज पलीकडे खोकला नव्हता. नवा आवाज. भराभर बोलणारा, जणू कुणी घड्याळ लावून मागे उभं आहे.

१६ मार्च, सोमवार

खोकला नाही. चौथा दिवस.

आपल्या नेत्यांचं भाषण. संकटात दोन्ही राष्ट्रांनी क्षणाचाही विलंब न लावता वगैरे. संध्याकाळी त्यांच्या नेत्यांचं भाषण. शब्दसुद्धा तेच, विलंबबिलंब! अण्णा म्हणाले, एकाच कारकुनाकडून लिहून घेतलं असावं.

आमच्याकडे म्हणे बोलणी आधीपासून चालूच होती, गुपचूप. माझं टिपण त्यासाठीच होतं. आता सगळ्यांना घाई झालीय.

१८ मार्च, बुधवार

सकाळी टिपण दिलं. दुपारी चौकशीला बोलावलं. त्याच टेबलावर, माझं टिपण त्यांच्यासमोर पडलेलं!

तिघं होते. दोघं नुसतं लिहून घेत होते. तिसरा राजधानीतून आलेला, जाड चष्म्याचा, मऊ आवाजाचा. मधूनमधून चष्मा काढून पुसतो आणि तेवढा वेळ आपण थांबायचं.

"पलीकडच्या माणसाचं नाव?"

"माहीत नाही."

"एकोणीस वर्षं बोलता आणि नाव माहीत नाही?"

"विचारायची परवानगी नाही."

"परवानगी नसलेलं तुम्ही करत नाही?" — हे विचारून चष्मा पुसला.

मग टेप लावल्या. बारा तारखेची आधी. माझ्या वाक्यानंतर पलीकडे जी शांतता होती ती त्यांनी मोजली आहे. अकरा सेकंद. मला ती फार मोठी वाटली होती. ऐकताना पुन्हा तेवढीच मोठी वाटली.

मग एक जुनी टेप. चार वर्षांपूर्वीची. हे गेले तेव्हा मी तीन आठवडे रजेवर होते. परत आले त्या दिवसाची पहिली विमानं. मी क्रमांक सांगितला, उंची, वेळ. तो म्हणाला, "घेतलं." आणि लगेच — "आवाज परत आला. बरं झालं."

मी पुढचा क्रमांक सांगितला होता.

एकोणीस वर्षांच्या टेपांमधून त्यांना नियमाबाहेरची एवढी चार-पाच शब्दांची गोष्ट सापडली. चष्मेवाल्यानं ती दोनदा ऐकवली. "याचा अर्थ काय?" मी म्हटलं, याचा अर्थ माझा आवाज परत आला, असा आहे.

तेव्हा मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. नियम होता. पण "घेतलं" तरी म्हणता आलं असतं.

२० मार्च, शुक्रवार

ती पायलट घरी आली! पत्ता साहेबांनी दिला म्हणे. तिशीची असेल. सोफ्याच्या अगदी कडेला बसली, अजून पट्टा बांधल्यासारखी.

आभार मानायला आली होती, पण ते तिला नीट जमलं नाही आणि मला घेता आले नाहीत. मग अण्णांनीच तिला प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि सगळ्यांचं अवघडलेपण गेलं. उतरल्यावर एका मोठ्या हॉलमध्ये नऊ तास बसवलं. डॉक्टर आले, पांघरुणं दिली. दाराशी बंदूकवाला शिपाई. त्याच्या बुटाला टेकून एक पोरगी झोपली, तर तो बिचारा तीन तास जागचा हलला नाही.

मग जाताना दाराशी मला म्हणाली, "एक सांगू? पेपरात लिहिलंय, त्यांच्या लढाऊ विमानांनी आम्हाला मानानं सोबत केली. दोन होती. दोन्हीकडून, अगदी जवळ. खरं सांगते, सोबत करत होती की नेम धरून होती, मला अजून कळलेलं नाही."

२४ मार्च, मंगळवार

चष्मेवाला पुन्हा. या वेळी एकटा. समोर टाइप केलेला एक कागद. माझं निवेदन — मी न लिहिलेलं.

"सकाळी अकरा वाजून सहा मिनिटांनी दोन्ही देशांच्या सक्षम अधिकाऱ्यांची परवानगी मला प्राप्त झाली व तदनुसार मी कार्यवाही केली."

मी म्हटलं, परवानगी अकरा तेहतीसला आली. नोंदवहीत आहे.

"नोंदवही नवीन लिहिता येईल. अक्षर तुमचंच असेल." इतक्या मऊपणे म्हणाला की मला आधी कळलंच नाही.

मग त्यानं समजावलं. माणूस हुशार आहे, दमदाटी केली नाही. दोन्ही नेते जाहीरपणे बोलून बसलेत की निर्णय त्यांनी घेतला. आता दोन्हीकडचे कागद जुळायला हवेत. जुळले की आकाश खुलं करायच्या करारावर सह्या. नाही जुळले तर कुणीतरी तोंडावर पडणार, आणि मोठी माणसं तोंडावर पडली की करारबिरार राहतो बाजूला.

माझं टिपण पुढे सरकवलं. पावणेबारा दिवस या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ होती.

"हे तुम्हीच लिहिलंय ना, बाई? मग या खोट्यानं कुणाचं नुकसान होतं, तेवढं सांगा."

मी टिपण मिटून त्याच्याकडे परत सरकवलं.

"सही नाही केली तर?"

"तर तुम्ही परवानगीशिवाय विमान परक्या हद्दीत पाठवलंत. ते तर खरंच आहे की!"

विचार करायला वेळ मागितला. उठताना विचारलं, "पलीकडचा माणूस कुठे आहे?"

"ते त्यांचं ते बघतील."

२५ मार्च, बुधवार

कागद पर्समध्ये. बावीस विमानं. नवा आवाज.

२७ मार्च, शुक्रवार

अण्णांशी बोलले. त्यांनी कागद वाचला, उलटून मागची बाजूही वाचली. ती कोरी होती.

"सही केलीस तर तुला काय मिळतं?"

"नोकरी राहते."

"आणि नाही केलीस तर?"

"माझी अकरा वाजून सात मिनिटं माझ्याकडे राहतात."

"कुणाला दाखवणार आहेस ती?"

मला राग आला. उठून भांडी घासायला लागले, घासलेलीच. ते मागून आले. "मी कर म्हणत नाही," म्हणाले. "मी असतो तर केली नसती. पण मी असतो तर फोनही उचलला नसता."

२९ मार्च, रविवार

दिवसभर कागद टेबलावर. मला काय झोंबतंय ते शोधते आहे. शिक्षेची भीती? थोडी आहे. पण तेवढंच नाही.

मी कधी कुणाची बाजू घेतली नाही. ऑफिसात नाही, घरी नाही. मंडळी वाद घालायची, पलीकडच्यांशी मैत्री करावी की नाही, फायदा कुणाचा जास्त, आधी पाऊल कुणी टाकायचं. मी म्हणायचे, मला क्रमांक, उंची, वेळ. आयुष्यात एकच गोष्ट अभिमानानं सांगावी अशी — वेळा खऱ्या लिहिल्या. आता दोन देशांना शहाणं व्हायचंय तर त्यांना नेमकी तीच हवी! दुसरं काहीही मागायचं होतं.

आणि चार पानं भरून फायदे लिहिणारी मीच. इंधन, तास, माणसं, सुरक्षितता. मत देत नाही म्हणे! चार पानी मतच होतं ते.

३१ मार्च, मंगळवार

सही केली.

नवी नोंदवहीही लिहिली. चष्मेवाला शेजारी बसून होता. अक्षर चांगलं आलं. जुनी तो घेऊन गेला.

इथे लिहून ठेवते — अकरा वाजून सात मिनिटं. परवानगी कुणाची नव्हती.

अण्णांना सांगितलं. "बरं," म्हणाले आणि पेपर उघडला. त्यांनी काही तरी बोलायला हवं होतं. रागावले असते तरी चाललं असतं.

१४ एप्रिल, मंगळवार

करार झाला. टीव्हीवर दोघांचे हात बराच वेळ एकमेकांत अडकलेले, फोटोवाल्यांसाठी. ऑफिसात टाळ्या. साहेब म्हणाले, तुमचं टिपण कामी आलं. माझी चौकशी "समाप्त". बंद लिफाफ्यात एका ओळीचं पत्र.

बाथरूमचा नळ दुरुस्त झाला. परदेशी पाहुणे येणार आहेत म्हणून.

४ मे, सोमवार

आकाश उघडलं. आज पहिला दिवस.

पहिलं आपलं विमान नऊ दहाला रेघेवर. मी फोन उचलला. क्रमांक, उंची, वेळ. "घेतलं." एवढंच. संध्याकाळपर्यंत एकशे सात विमानं, नेहमीच्या चौपट. दुपारचा डबा साडेचारला उघडला. रेघेवरून ठिपके इकडून तिकडे, तिकडून इकडे. खरं सांगायचं तर बघायला छान वाटलं. आता रेघेची स्क्रीनवर गरज काय, असं एका मुलीनं विचारलं, साहेब दचकले.

पायलटचा मेसेज आला. ती आज त्या धावपट्टीवरून गेली — वरून, न उतरता.

७ मे, गुरुवार

धाकटीचा फोन. मुलीच्या दातांबद्दल बोलली, पडदे बदलल्याबद्दल बोलली. बराच वेळ बोलली. मीच विचारलं शेवटी. विमानतळावरची पहिली दोनशे माणसं महिनाअखेर घरी. भावजींचं नाव त्यात आहे.

"ताई, तू काय करणार त्याला," म्हणाली.

मी टिपणात लिहिलं होतं आणि साहेबांनी खोडलं, असं सांगणार होते. नाही सांगितलं. पुन्हा लिहून देता आलं असतं मला.

रात्री अण्णांना म्हटलं, दोघांचा फायदा झाला, तिसऱ्याचा नाही. ते म्हणाले, तिसऱ्याला आपल्याकडे बोलावून घे, खोली रिकामी आहे. म्हटलं, सहाशेंना? ते हसले नाहीत. म्हणाले, एकापासून सुरू कर.

११ मे, सोमवार

भावजी यायला तयार नाहीत. धाकटी म्हणते, जरा थांब, मी समजावते. अण्णांनी तोवर खोलीतले जुने खोके स्वतः ओढून बाहेर काढले आणि कंबर धरून बसले. आता दोन दिवस मलाच बघावं लागणार!

१९ मे, मंगळवार

पलीकडचे चौघं आज आमच्या इमारतीत, दोन दिवसांच्या बैठकीला. नवा आवाज त्यांत होता — उंच, पोरसवदा, बोलायला लागला तेव्हा ओळखला. चहाच्या वेळी तो कप घेऊन माझ्याकडे आला. इथे टेप नव्हती. मी विचारलं, तुमच्याआधी होते ते कुठे आहेत?

"घरी. नोकरी नाही, पण घरी आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्हाला ठाऊक नाही? त्या दिवशी तुमचा फोन चालू असतानाच आमच्या साहेबांचा नकार आला होता. त्यांच्यासमोर. विमान आत आणू नका. त्यांनी तो ऐकला आणि तरी तुम्हाला येऊ द्या म्हणाले. दुपारी त्यांना तिथूनच घेऊन गेले. फार वाईट जागी ठेवलं होतं. मग तुमच्या सहीचा कागद आला — परवानगी दोन्हीकडची होती म्हणून. परवानगी होती तर नकार कसला, आणि गुन्हा कसला? कागद पोचला त्याच संध्याकाळी सोडावं लागलं."

कागद माझ्यासमोर चोवीस मार्चला आला होता. सही मी एकतीसला केली.